थांबण्याचा पगार

चेन्नई
८ ऑक्टोबर २०२३

ती. आबांना,
युवराजचा जय भीम. वि. वि.

आणि पुन्हा भोंगा! आबा, मागच्या पत्रात तुम्ही चार वेळा भोंगा लिहिलंय, त्यात एकदा खाली रेघ ओढून. तो ट्रॉम्बोन आहे. भोंगा फॅक्टरीचा असतो. तो वाजला की तुम्ही डबा घेऊन सायकलवर टांग मारायचे. माझा वाजतो तेव्हा लोक तिकीट काढून खुर्चीत बसतात. एवढा फरक मान्य करा, मग बाकीचं भांडू.

दुसरं. मी सीट शिवायच्या कारखान्यातून पळून गेलो असं तुम्ही सविताअक्काला सांगितलं. पळालो नाही, रीतसर सोडला. ठेकेदार दोन महिने म्हणत होता की थांब, पण कारच्या सीटला शिलाई मारत बसणं मला जमेना. नववीच्या वर्गात पण जमलं नव्हतं, हे तुम्हीच सगळ्या जळगावला सांगत फिरता. मग मी बसलो नाही याचं नवल कसलं?

तुम्ही लिहिता की ऑर्केस्ट्रात गेला म्हणजे गणपतीत चमकीचा कोट घालून नाचणार. आबा, तो ऑर्केस्ट्रा वेगळा. इथे साठ माणसं आहेत. पुढे व्हायोलिनवाले, मधे बासरी-क्लॅरोनेट, मागे आम्ही पितळवाले, आणि सगळ्यांच्या मागे एकटा नगारेवाला. कुणी गात नाही, कुणी मिमिक्री करत नाही. समोर एस्थर मॅडम हातात बारीक काडी घेऊन उभ्या असतात. काडीने कुणाला मारत नाहीत, पण मारल्यासारखं वाटतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर लिहून ठेवलेलं सगळे मिळून वाजवतात. लिहून ठेवलेलं, आबा! तुम्हाला तर आवडायला पाहिजे.

मी आत कसा गेलो ते तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. आमच्या कामगारांच्या खोल्यांमागे चर्चचा हॉल आहे, तिथे यांची तालीम चालायची. रविवारी मी खिडकीखाली उभा राहायचो. तीन ट्रॉम्बोनच्या जागी दोनच वाजतायत हे मला बाहेरून कळत होतं. एका रविवारी सरळ आत गेलो आणि म्हटलं की तिसरा मी. हिंदीत म्हटलं, त्यांना समजलं नाही, म्हणून कुणाचा तरी ट्रॉम्बोन उचलला आणि वाजवून दाखवला. झुलालमामाने धुळ्याच्या बँडात जे शिकवलं ते तेवढ्या एका मिनिटात सगळं बाहेर काढलं. मॅडम हसल्या. मग म्हणाल्या की आवाज हत्तीसारखा आहे, आता वाचायला शिक. वर्ष झालं, शिकलो. नववी नापास माणूस पाच रेघांवरच्या खुणा वाचतो.

आता मुख्य. हे सगळं एक ट्रस्ट चालवतो. त्यांची मुलांसाठी संगीताची शाळा पण आहे. मार्चपर्यंत माझी परीक्षा. पास झालो तर कायम नेमणूक, ऑर्केस्ट्रात वाजवायचं आणि शाळेत शिकवायचं. शिकवायचं, आबा! मी! म्हणून रतिलालशेठच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमधली जागा माझ्यासाठी अडवून ठेवू नका. दुसऱ्या कुणाच्या पोराला द्यायला सांगा.

आईशी रोज फोनवर बोलतो. तुमच्याशी कागदावर, कारण युनियनचे सेक्रेटरी झाल्यापासून तुमचं एकच, तोंडी काही नको, लेखी द्या. घ्या, लेखी दिलं.

रागातला लोभ असाच राहू द्या,
तुमचा
युवराज


जळगाव
१७ ऑक्टोबर २०२३

चि. युवराज यास,
अ. उ. आ. व जय भीम. तुझे पत्र पावले. अक्षर सुधारले आहे, विचार जसेच्या तसे आहेत.

मुद्दा पहिला. भोंगा हा शब्द मी मागे घेतो. युनियनमध्ये चूक मान्य करायची आमची पद्धत होती. पण वाजंत्री हा शब्द मागे घेत नाही. आपल्या घराण्याने दुसऱ्याच्या दारात वाजवणे सोडले त्याला आता पन्नास वर्षांवर झाली. ते सोडायला तुझ्या आजोबांना काय पडले हे तुला ठाऊक नाही. त्यानंतर मी वरणगावच्या फॅक्टरीत गेलो, तुझी अक्का शिक्षिका झाली. आणि तू धुळ्याला तुझ्या मामाकडे सुटीत जाऊन पुन्हा तेच तोंडाला लावून आलास. झुलालशी मी त्या कारणाने सहा वर्षे बोललो नाही, हे तुझ्या आईला विचार. तिला माहेरी एकटीला जावे लागते.

मुद्दा दुसरा. चमकीच्या कोटाऐवजी काळा कोट घातला म्हणून दार दुसऱ्याचेच राहते. तिकीट काढून ऐकणारा तो मालक, आणि फुंकणारा तो चाकर.

मुद्दा तिसरा. तरीही मी अन्याय करणार नाही. मार्चअखेरपर्यंत मुदत देतो. कायम नेमणुकीचा कागद, सही-शिक्क्यासह, माझ्या टेबलावर आला तर मी हा विषय कायमचा बंद करीन. न आल्यास तू परत यायचे आणि रतिलालशेठकडे सुपरवायझर म्हणून रुजू व्हायचे. मान्य असल्यास तसे लेखी कळव.

तुझी आई म्हणते, बठ्ठं बरं शे, फक्त पोरगं भात खाऊन वाळलं असेल. सविता असोद्याच्या शाळेतून आत्ताच आली. ती म्हणते की कळण्याची भाकरी कुरिअरने जात नाही, नाहीतर पाठवली असती.

राग संपेपर्यंत माया थोडी उधार समज,
तुझा
देवचंद


चेन्नई
१० डिसेंबर २०२३

ती. आबांना जय भीम. वि. वि.

मान्य! मार्चअखेर मान्य! लेखी देतो, खाली सही करतो, हवं तर अंगठा पण देतो.

उशीर झाला कारण इथे श्वास घ्यायला वेळ नाही, आणि माझं तर कामच श्वासाचं. मॅडमनी मला शाळेत सहा मुलं दिली आहेत. परीक्षाच म्हणा. ट्रॉम्बोन त्यांच्याएवढा उंच, हात शेवटपर्यंत पोचत नाही. अफिफा नावाची एक मुलगी आहे, इथल्या मसाल्याच्या व्यापाऱ्याची, ती नळी पुढे ढकलायला पायाने मदत करते! आधी हसलो, मग म्हटलं, चालेल, सूर बरोबर लागतोय ना? तमिळ येत नाही म्हणून मी अर्धं हाताने शिकवतो आणि अर्धं मराठीत ओरडतो. आता ती सहाही मुलं एकमेकांना मराठीत अरे थांब ना म्हणतात. त्यांच्या घरी काय वाटत असेल देव जाणे.

आबा, शिकवताना मला मामा आठवतो. तो गालावर टिचकी मारून सांगायचा की गाल फुगवू नको, पोटातून फुंक. मी पण तेच करतो, फक्त टिचकी मारत नाही. इथे मुलांना हात लावायचा नाही असा लेखी नियम आहे. तुम्ही इथे असता तर नियमाची प्रत मागितली असती.

फेब्रुवारीत वर्षाचा मोठा कार्यक्रम आहे. त्यात शेवटी एक मोठी रचना आहे, पाऊण तासाची. आणि ऐका, त्यात आमचं काम कितीसं? पहिले तीन भाग आम्ही ट्रॉम्बोनवाले नुसते बसून! हातात वाद्य, नजर मॅडमकडे, आणि मनात मोजणी. वाजवायचं शेवटच्या भागात. सुरुवातीला मला वेड लागायची पाळी आली. माझ्या शेजारचा थॉमस अण्णा, वीस वर्षं बसतोय, तो म्हणतो की ट्रॉम्बोन वाजवायला कुणीही शिकेल, बसायला शिक.

कोटाचं माप दिलं. शिंपी म्हणाला की छाती फार मोठी आहे. मी म्हटलं धुळ्याची हवा.

आईला सांगा भातच खातो, पण दोनदा मागून घेतो.

मुदतीतला लोभ मुदतीनंतरही चालू ठेवायची तयारी करा,
युवराज
(सही केली आहे, पाहा)


चेन्नई
१३ फेब्रुवारी २०२४

ती. आबा,
जय भीम.

आबा, मी घोटाळा केला.

अक्काला फोनवर सांगितलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा लिहितोय. परवा रविवारी कार्यक्रम झाला. हॉल गच्च भरलेला. तीन भाग बसलो, मोजलं, नीट मोजलं, थॉमस अण्णाने मान पण हलवली. चौथा भाग सुरू झाला, आम्ही उठवला आवाज, काय उठवला आबा, छातीत ढोल बसल्यासारखं. मग त्यात एक जागा येते. साठच्या साठ माणसं पूर्ण जोरात जातात आणि एकदम थांबतात. सगळे. कागदावर लिहिलेलं आहे, थांबा. तालमीत मॅडम तिथे जराच थांबायच्या. त्या दिवशी त्यांनी काडी वर धरली ती खाली आणेचनात. आणि नेमकं तेव्हा स्टेजवरचे दिवे एकदा मिचकले. गेले आणि आले.

मामाच्या बँडात कसं असतं तुम्हाला माहीत नसेल. वरातीत जनरेटर अडखळला, दिवे गेले, मास्तरचा ट्रम्पेट थांबला, की ट्रॉम्बोनवाल्याने त्याच क्षणी भर द्यायची. काहीही वाजव, पण रिकामं जाऊ देऊ नको. बँड थांबला की वरात थांबते, आणि मग नवरदेवाचा मामा पैसे देताना भांडतो. माझ्यावर भर द्यायची जबाबदारी चौदाव्या वर्षापासून होती. कधी चुकलो नाही.

रविवारी पण चुकलो नाही. दिवे मिचकले आणि मी भर दिली. खालपासून वरपर्यंत नळी ओढत, मामाची नाचायची लांब चाल, पूर्ण पोटातून. त्या शांततेत. एकटा.

लोक हसले. मागून कुणी शिट्टी मारली. मॅडमचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायची हिंमत झाली नाही. पुढचं सगळं बरोबर वाजवलं, पण त्याला काय अर्थ!

ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले की ही चेष्टा आहे, ताबडतोब काढा. मॅडम म्हणाल्या की दहा मार्चला कमिटी बसेल, तोपर्यंत मी लेखी कारण द्यावं की असं का केलं. इंग्रजीत एक कागद दिला हातात. नोटीस आहे, आबा. मला काय लिहायचं कळत नाही. दिवे गेले म्हणून वाजवलं, हे कारण आहे का? मलाच हसू येतं.

कागदाची प्रत सोबत पाठवतोय. रतिलालशेठला अजून नाही म्हणू नका.

युवराज


जळगाव
१९ फेब्रुवारी २०२४

चि. युवराज यास,
अ. उ. आ. व जय भीम.

नोटीस वाचली. सविताने अर्थ सांगितला. ही कारणे दाखवा नोटीस आहे. अशा नोटिसांना मी आयुष्यात किती उत्तरे लिहिली याचा हिशेब फॅक्टरीच्या ऑफिसलाच माहीत असेल. एकही माणूस घरी जाऊ दिला नाही. तुझ्या वाजवण्याबद्दल माझे मत बदललेले नाही, हे आधी नमूद करतो. परंतु नोटीस आली म्हणजे उत्तर गेलेच पाहिजे, आणि ते नीट गेले पाहिजे. तू एकही ओळ लिहू नकोस. कुणाकडे तोंडी माफी मागू नकोस. तोंडी माफी म्हणजे कबुली.

उत्तर मी मराठीत तयार करतो, सविता इंग्रजी करील. त्यासाठी खालील गोष्टी परतटपालाने कळव.

ती थांबण्याची जागा कोण ठरवतो, मॅडम की लिहिणारा? ती किती थांबायची हे तुम्हाला आधी सांगितले होते का? तुम्ही उभे राहून वाजवता की बसून? तीन भाग तुम्ही जे नुसते बसता, त्या वेळेचे पैसे कापतात का? तालमीचे पैसे मिळतात का? आणि ही जी भर तू म्हणतोस, ती झुलालने शिकवली, पण त्याला कुणी शिकवली?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत आहे. तरी तू लिही.

तुझी आई काळजीत आहे. जेवत जा.

देवचंद


चेन्नई
२३ फेब्रुवारी २०२४

ती. आबांना जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या! तुम्ही लढणार? माझ्या बाजूने? बरं, बरं, बाजूने नाही, नोटिशीच्या विरुद्ध. समजलं.

थांबायची जागा लिहिणाऱ्याने ठरवलीय, किती वेळ ते मॅडम ठरवतात. आधी सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणतात ते त्या दिवशीच्या हवेवर असतं. वाजवतो बसून, सगळे बसून, फक्त मोठे बासवाले उंच स्टुलावर. बसलेल्या वेळेचे पैसे कापत नाहीत. कशाला कापतील? कार्यक्रमाचे पैसे पूर्ण मिळतात, वाजव नाहीतर बस. नगारेवाला तर सगळ्यात कमी वाजवतो आणि सगळ्यांएवढेच घेतो. तालमीचे मात्र काही नाही, चहा मिळतो.

भर मामाला त्याच्या उस्तादाने शिकवली असेल. त्याला अजून कुणी. मला वाटायचं बँडाचा नियमच तो.

मॅडम माझ्याशी बोलतात, पण कमी. मुलांचा वर्ग चालू ठेवलाय त्यांनी. काल अफिफाने माझी ती चाल वाजवून दाखवली, पायाने! सगळ्या शाळेत पसरलीय. रडू की हसू?

दहा तारखेकडे लक्ष ठेवून,
युवराज


जळगाव
२८ फेब्रुवारी २०२४

चि. युवराज यास,
अ. उ. आ. व जय भीम.

तुझी उत्तरे मिळाली. पैसे कापत नाहीत, हे वाक्य मी तीन वेळा वाचले. मग तुझ्या आईला वाचून दाखवले. मग शेजारच्या गफूरभाईंना बोलावून वाचून दाखवले, ते फॅक्टरीत माझ्याबरोबर होते. न वाजवण्याचा पगार! पूर्ण! आम्ही चहाची दहा मिनिटे भरपगारी व्हावीत म्हणून गेटवर बसलो होतो, गफूरभाईंचा पाय तेव्हा मोडला. आणि तू तीन भाग बसतोस, आणि कुणी विचारत नाही की का बसलास.

आता तुला माहिती देतो. झुलालने ती दिली नाही, कारण त्यालाही कुणी दिली नसेल.

तुझे आजोबा धनसिंग सनई वाजवत. गावात ज्याच्या घरी लग्न त्याच्या दारात हळदीपासून उभे. ओट्याच्या खाली, कारण वर चढायचे नाही. बसायचेही नाही. ते दमून टेकले की आतून कुणी ओरडे की वाजंत्री मेला का. थांबले की जेवणाची पत्रावळ उशिरा येई, कधी येतच नसे. म्हणून ते श्वास घेतानाही सनई चालू ठेवीत, एक दमला की दुसऱ्याने लगेच उचलायचे. रिकामे जाऊ द्यायचे नाही. मी लहान होतो, शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभा असे. ती तुझी भर. तो बँडाचा नियम नाही. थांबायची परवानगी नसलेल्या माणसांची ती सवय आहे. बँडवाल्यांनी आमच्याकडून घेतली की आम्ही त्यांच्याकडून, कोण जाणे.

आजोबांनी ज्या दिवशी सोडले त्या दिवशी सनई विकली नाही, कुणाला दिली नाही. चुलीत घातली, तिच्यावर पाणी तापवले आणि अंघोळ केली. म्हणून मला तुझा राग येत होता. मला वाटे की तू चुलीतून ती परत काढलीस.

तू बसून वाजवतोस हे मला माहीत नव्हते. विचारायला हवे होते.

उत्तर सोबत जोडले आहे. सविताने दोन रात्री बसून इंग्रजी केले. ती म्हणते की एवढी अवघड वाक्ये तिने बी.एड.लाही वाचली नाहीत. पहिल्या तीन परिच्छेदांत वर लिहिलेले सर्व आहे. चौथ्यात तालीम हेही काम आहे आणि तिचे मानधन मिळावे अशी मागणी केली आहे. नोटिशीच्या उत्तरात मागणी घालू नये असे सविताचे मत पडले. मी म्हटले की कमिटी एवढे लक्ष देऊन दुसरा कागद कधी वाचणार?

सही कर, पोच घे.

तुझा
देवचंद


चेन्नई
१४ मार्च २०२४

ती. आबांना आणि आईला जय भीम,

झालं! कायम! एक एप्रिलपासून! कागद सही-शिक्क्यासह सोबत, टेबलावर ठेवा, फ्रेम करा, गफूरचाचांना दाखवा!

सगळं सांगतो. कमिटीत पाच जण. सेक्रेटरींनी उत्तर मोठ्याने वाचायला घेतलं. सुरुवातीला त्यांचा आवाज ताठ होता. आजोबांच्या ठिकाणी आला तेव्हा ते मधेच थांबले, पाणी प्यायले, आणि कागद मॅडमकडे दिला. मॅडमनी उरलेलं वाचलं. मग कुणीच बोलेना. मी बाहेर बाकावर, दार उघडं. मला वाटलं गेलो. आणि खरं सांगतो, त्या गप्प बसण्यात माझे ओठ पुन्हा फुरफुरले, भर द्यावी वाटली! दाबून धरले.

मग मॅडम म्हणाल्या की थांबायचं कुठे हे त्यांनी शिकवलं, थांबायचं का हे शिकवायचं राहून गेलं, ते त्यांचं काम होतं. सेक्रेटरी म्हणाले की मुलगा आवाजाने तर वाईट नाही. थॉमस अण्णाने माझ्यासाठी दोन शब्द टाकले, तमिळमध्ये, काय ते सांगत नाही.

आणि चौथा परिच्छेद! तो आला तेव्हा सेक्रेटरींच्या घशात कॉफी अडकली. ते म्हणाले की हा खुलासा आहे की मागणीपत्र. पण दुसऱ्या दिवशी नगारेवाल्याने माझ्याकडे झेरॉक्स मागितली, मग व्हायोलिनवाल्यांनी. आता आमच्यात रोज तीच चर्चा. मॅडम वरवर रागावतात, पण कालच कळलं की तालमीला अर्धं मानधन सुरू होतंय! आबा, साठ माणसं तुम्हाला ओळखतात. देवचंद सर कोण, असं विचारतात.

त्याच रचनेचा कार्यक्रम सतरा तारखेला मदुराईला आहे. मॅडमनी मला काढलं नाही, त्याच जागी बसायला सांगितलंय.

वर्गाचं पण सांगतो. मी आता मुलांना पहिला धडा वाजवायचा देत नाही. पहिला धडा, वाद्य मांडीवर ठेवून सगळ्यांनी मिळून थांबायचं. अफिफा सगळ्यात चांगली थांबते, पायही हलवत नाही.

तुमचा राग आता कायम सेवेतून मुक्त करा, लोभाला नेमणूक द्या,
युवराज


जळगाव
२६ मार्च २०२४

चि. युवराज यास,
अ. उ. आ. व जय भीम.

कागद टेबलावर आहे. विषय बंद. वाजंत्री हा शब्दही मागे घेतला, याची नोंद घ्यावी.

तुझी आई बरीच वर्षे बंद असलेले एक काम मला सांगत होती, ते केले. एस.टी.ने धुळ्याला गेलो, झुलालच्या घरी. तो आधी घाबरला. मी त्याला आजोबांची हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला की त्याच्या बँडात वरातीच्या सुरुवातीपासून मांडवाच्या दारापर्यंत कुणी बूडही टेकत नाही, आणि हे त्याला कधी विचित्र वाटले नव्हते. मी तिथेच त्याच्या पावती पुस्तकासाठी एक अट लिहून दिली: वरातीत बँड दोन वेळा विश्रांती घेईल, त्या वेळी वाजवण्याचा आग्रह धरू नये. शिक्का मारून घेतला.

परवा त्या अटीची पहिली वरात होती. मीही गेलो, न जाऊन कसे चालेल? चौकात बँड थांबला. नवरदेवाचा चुलता ओरडत आला. मी पावती पुढे केली. त्याने वाचली, पुन्हा वाचली, आणि सगळ्यांना सरबत मागवले. इथवर छान. पण बँडवाल्यांना काय करावे कळेना! भर रस्त्यात वाद्ये धरून उभे, एकमेकांकडे बघत. बसणार कुठे? डांबर तापलेले. तुझ्या मामेबहिणीचा, दीपमालाचा नवरा, तुझ्या जागी आता तो ट्रॉम्बोन वाजवतो, त्याने तर सवयीने भर द्यायला सुरुवात केली. मी हात वर केला तेव्हा थांबला.

तेव्हा अट अपुरी आहे हे माझ्या लक्षात आले. विश्रांती लिहून चालत नाही, बसायला काहीतरी लागते. झुलाल म्हणतो की जनरेटरच्या गाडीत घडीच्या खुर्च्या मावतील, पण लग्नसराई संपेपर्यंत त्याला तो खर्च झेपणार नाही. मी पेन्शनमधून बघतो.

मदुराईचे लिही. थांबलास का?

देवचंद


चेन्नई
३ एप्रिल २०२४

ती. आबांना जय भीम. वि. वि.

थांबलो! साठ माणसांबरोबर, भरलेल्या हॉलसमोर, मॅडमची काडी वर! या वेळी दिवे मिचकले नाहीत, पण एक बाळ रडलं, मला वाटतं मुद्दाम माझी परीक्षा घ्यायला. मी वाद्य मांडीवर ठेवलं, खुर्चीला पाठ टेकली आणि बसून राहिलो. आबा, त्या शांततेत काय आहे ते मला शब्दांत सांगता येत नाही. कुणी ओरडलं नाही. कुणाची पत्रावळ उशिरा आली नाही. सगळा हॉल आमच्या पुढच्या सुराची वाट बघत होता, आणि आम्ही घाई करत नव्हतो. मग काडी खाली आली आणि आम्ही सगळे मिळून असे वाजलो की छतावरचे पारवे उडाले. थॉमस अण्णाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

तुमचं वरातीचं पत्र मी वर्गात मुलांना सांगितलं, हाताने आणि मराठीत. त्यांना सगळ्यात आवडलं ते पावती पुढे करणं.

पेन्शनला हात लावू नका. कायम झाल्याचा पहिला पगार मिळेल तो महिनाअखेर, पण तालमीचं अर्धं मानधन पहिल्यांदा परवाच हातात पडलं, आणि ते तुमच्याच चौथ्या परिच्छेदाचं आहे. मामाच्या बँडात ढोलवाल्यापासून दिवे धरणाऱ्या बायांपर्यंत तेरा माणसं. दिवे धरणाऱ्यांना विसरू नका, त्यांना पण बसवा. लोखंडी घ्या, प्लास्टिकच्या रस्त्यावर मोडतात. धुळ्यातच घ्या, मामाला भाव करू देऊ नका, तो लाजतो. तुम्ही करा, लेखी.

आईला आणि अक्काला जय भीम, मामाला खास. माया आता उधार नको, रोख चालू राहू दे.

तुमचा
युवराज

ता. क. अक्काच्या खात्यावर तेरा घडीच्या खुर्च्यांचे पाठवतोय: सहा हजार पाचशे रुपये.